टोंगळ्यातली राणी

आमच्या घरच्या माणसाच्या टोंगळ्यात बाई शिरली, असं गावात बोलून राहिले होते तवा मी कोणाले उत्तर दिलं नाई. आता सांगतो. पण मधात कोणी टोकायचं नाई. मले टोकलं की माही गाडी भलत्याच रस्त्याले लागते आन् मंग शिव्याच जास्त निघतात.

टोंगळा म्हणजे शिकलेल्या लोकायचा गुडघा. मी तुळसा. घरचा माणूस म्हणजे रश्मीचे बाबा. त्यायचं नाव मी घेत नाई, गाव त्यायले मंगरूभाऊ म्हणते, तुमीही म्हणा. अड्याळच्या अल्याड आमचं गाव, दोन बांध्या धानाच्या आन् एकच पोरगी. रश्मी नागपूरले शिकते. कंट्रोल इंजिनिअरिंग म्हणतात त्याले. मी आपली यंत्राले वळण लावायचं शिक्षण म्हणतो. शेजारची मंगलाबाई विचारते, पोरगी कधीची शिकूनच राहिली, लग्न कवा? मी म्हणतो, यंत्रायले वळण लागलं की जावयाले लावन.

अड्याळच्या रोडवर रेतीच्या टिप्परनं रश्मीच्या बाबाची सायकल उडवली. जीव वाचला, उजवा पाय गेला. टोंगळ्याच्या वरून कापला. मंग एका शिबिरात फुकटचा पाय भेटला. तो पाय म्हणजे निरा खुंटा! सपाट जाग्यावर बरा, पण शेताच्या धुऱ्यावर, बांधावर टेकला की कवा ताठ राहीन आन् कवा दुमडीन याचा नेम नाई. दोनदा बांधीत तोंडावर पडले. तिसऱ्या वेळी कोणी उचलाले यायच्या अगोदर त्यायनं पट्टे सोडले, पाय धानाच्या ढोलीच्या मागं टाकला आन् ओसरीवर बसले. बसले ते बसलेच. जयभीम घालणारा रस्त्यानं गेला तं मान फिरवत. अगा, हा तोच माणूस होता का, ज्याले पाहाले पवनीपासून लोक बैलबंड्या जुंपून येत?

आता दंडारीचं सांगा लागते, त्याच्याशिवाय काईच समजणार नाई. दंडार म्हणजे आमच्या झाडीतला नाचगाण्याचा खेळ. दिवाळी सरली की गावोगावी जत्रेवानी मंडई भरते, दिवसाउजेडी खेळ होतात. तवा बायका कुठं नाचत होत्या! माणसंच बायका होत. ढोलकीवाले यादोराव मंडळाचे मोहरके. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली मंडळातला जुना राणीवाला नोकरीपायी तिकडं गेला. मंडई तोंडावर आली आन् राणीच नाई. यादोराव डोक्याले हात लावून बसले. आमच्या यायले तवरी शिपायाचं काम देत, भाला धरून उभं राहायचं. हेच म्हणाले, मी होतो राणी. लोक हसले. यादोराव म्हणाले, मंगऱ्या, तुले साधं उभं राहाता येत नाई, राणी का होशीन? आन् हाकलून देल्लं.

पण दुसरा कोणी भेटलाच नाई, आन् मंग मंडईच्या दिवशी राणी आली. बाप्पा बाप्पा! कोणी नाचत नव्हतं, कोणी गात नव्हतं, ते नुसते चालत आले. एक पाऊल टाकलं, थोडं थांबलं, मंग दुसरं. घाई नाई, नखरा नाई. डोक्यावर भरला घडा आहे आन् सांडला तरी बाईले पर्वा नाई, अशी चाल. मंडईतला गोंगाट बंद झाला. गुळाच्या जिलेबीवाल्यानं झारा हातातच धरून ठेवला, त्याची जिलेबी करपली. मी रश्मीले कडेवर घेऊन उभी होती. मनात आलं, ही चाल यायनं कोण्या बाईची उचलली? माह्याच नवऱ्याले पाहून मले लाज आली, हे कोणाले सांगू?

दहाएक बरस राणी चालली. मंग घरोघरी टीव्ही आला, आर्केस्ट्रा आला, मंडईत डीजे वाजाले लागला. मंडळातले एकेक म्हातारे झाले, काही मेले. एका साली कोणी बोलवाले आलंच नाई. राणीचं पहिलं लुगडं मी रश्मीच्या पाळण्यासाठी कवाच फाडलं होतं म्हणा, पण त्या साली यायनं घुंगरू यादोरावच्या घरी नेऊन दिले आन् परत आले तवा आंगणातच बसले, जेवाले उठले नाई. त्या दिवसाची मले अजून आठवण आली की जीव कसातरी होते.

बरं, तं रश्मी. बाप ओसरीवर सुकून राहिला हे पाहून पोरगी चिडली. माह्यावरच गेली आहे. तिच्या कॉलेजात सरायनं आन् पोरायनं मिळून एक टोंगळा बनवला होता. आत मोटर, बॅटरी, आन् आगपेटीएवढा कॉम्प्युटर. तो तिनं बापासाठी मागून आणला. पण तसाच नाई भेटला. सरायनं अट घातली होती. डिसेंबरात नागपूरले तपासणी. डॉक्टर बसतीन, सपाट चालवतीन, पायऱ्या चढवतीन, उतरवतीन. जमलं तं पाय मंगरूभाऊचा. पडले तं पाय सानगडीच्या ताराचंदले, तो कवाचा वाट पाहून राहिला होता. एकच पाय, दोन माणसं.

"बाबा, तुमी बैल हाकता तवा का करता?" रश्मीनं समजावलं. "कासरा थोडा ओढता, बैल किती वळला पाहता. कमी वळला तं अजून ओढता, जास्त वळला तं सैल सोडता. हा गुडघा तसाच. घडीघडी पाहते, पाय किती वाकला, किती वाकाले पाहिजे होता, आन् चुकलं तेवढं सुधारते."

"आन् हा गुडघा शिकते म्हणतो तू, ते कसं?"

"नवा बैल पहिले चुकते, मंग तुमच्या हाताची त्याले सवय होते. तसं हा तुमच्या चालीची सवय लावून घेईन. पण सुरुवातीले त्याले एक चाल द्या लागते. हे पाहा, असं चालायचं, म्हणून. आमच्याकडं खूप लोकायच्या चाली मोजून काढलेली एक सरासरी चाल आहे, ती टाकतात. मी नाई टाकली. मी तुमचीच चाल टाकली."

"माही? माहा तं पायच नाई, चाल कुठून आणली?"

पोरगी हसली. अड्याळचे भय्याजी तवा लग्नाच्या शूटिंगा करत. त्यायनं एका सालची मंडई शूट केली होती, तिची सीडी रश्मीले भेटली. त्याच्यात दंडारीच्या अगोदरचा तुकडा होता. हे हाफ पँटवर, लुगडं खांद्यावर टाकून, घरून मांडवाकडं चालत चालले. टोंगळे उघडे, बाजूनं साफ दिसतात. रश्मीनं ते चित्र थांबवू थांबवू टोंगळा किती वाकते ते कॉम्प्युटरकडून मोजून घेतलं. राणी व्हायच्या आधीचे बाबा, साधे चालणारे बाबा, असं तिले वाटलं. मले विचारलं असतं तं! पण आईले कोण विचारते?

पहिल्या दिवशी आंगणात यायनं पाय बांधला. रश्मी एका बाजूनं, मी दुसऱ्या. मोटर कुईं कुईं करे. एक पाऊल. थांबलं. दुसरं. टोंगळा नरम वाकला, कंबर त्याच्या संगं गेली, मान आपोआप वर झाली.

मी हात सोडून देल्ला. "अवं माय!" मी ओरडली. "हे तं राणी आहे!"

यायलेही समजलं होतं. आंगणाच्या मधात उभे, आन् हसू फुटलं. टिप्पर लागला तवापासून पहिलं हसू. हसता हसता डोळे पुसाले लागले. "पोरी," म्हणाले, "घुंगरू पाह्यले नाई का तू सीडीत?"

घुंगरू! त्या फुसक्या चित्रात घुंगरू कुठं दिसते, आन् आवाज तं तिनं बंद केला होता. यादोरावचा नियम होता मंडळात. घुंगरू पायात पडले की तू बाईच. लुगडं नसो, रंग नसो. सोडेपर्यंत बिडी नाई, माणसाचा आवाज नाई, माणसाची चाल नाई. आडोशाले जायचं असलं तरी राणीनंच जायचं. मंगऱ्या हाफ पँटवर चालला असं जगाले दिसे, पण चालत होती ती राणी.

रश्मी कपाळाले हात लावून पायरीवर बसली. "आता सर मले का म्हणतीन?" मंग तीही हसाले लागली. आम्ही तिघंही हसलो, लय दिवसानं. "राहू द्या," ती म्हणाली, "तुमी रोजचं चालाले लागले की तुमची खरी चाल तो शिकून घेईन. राणी हळूहळू निघून जाईन."

इथंच सगळं फसलं. निघून कायले जाईन? यायले तं राणी परत भेटली होती! पोरगी नागपूरले गेली आन् हे सकाळी उठून पाय बांधत, चौकात जात, राणीच्याच चालीनं चालत. लोक म्हणत, "राणी आली रे!" म्हातारे पारावरून उठून उभे राहत. ज्या पोट्ट्यायनं दंडार पाह्यली नाई ते मोबाईल काढत. हे जितकं ठुमकत, तितकं यंत्र म्हणे, अच्छा, तुले असंच पाहिजे काय, घे मंग. यंत्र यायपासून शिके, हे यंत्रापासून. दोघंही एकमेकाले बिघडवून राहिले होते. रश्मी फोनवर म्हणे, बाबा, गुडघा अजून नरम होऊन राहिला, माह्याकडं सगळं दिसते, तुमी साधं चाला. हे म्हणत, साधंच चालतो. लबाड!

मीही काई बोलली नाई. खरं सांगतो, मलेही बरं वाटे. चुलीजवळ बसून मी त्यायची चाल आयकत होती.

मंडई आली. यादोराव आता काठी घेऊन चालतात, तरी ढोलकी काढली. डीजेवाल्याले थोडा वेळ बंद राहा म्हटलं. हे मंचावर गेले, एक फेरी राणीच्या चालीनं मारली. गर्दी तवासारखी नव्हती, पण होती. टाळ्या पडल्या. मंग मंचावरून उतरताना पहिल्याच पायरीवर टोंगळा नरम वाकला तो वाकतच गेला. हे तोंडावर पडले, सगळ्या गावासमोर. कोणी हसलं असतं तरी चाललं असतं. कोणी हसलं नाई. चार जणायनं उचलून खुर्चीवर ठेवलं आन् सगळे पायाकडं पाहाले लागले.

दुसऱ्या दिवशी रश्मी आली. सोबत लॅपटॉप. म्हणाली, "तपासणीत पायऱ्या आहेत. राणी पायरी उतरू शकत नाई, तिचा गुडघा वजन पेलत नाई. मी हे सगळं पुसतो आन् सरासरी चाल टाकतो."

"कोणाची सरासरी?"

"असतीन कुठले कुठले लोक, बाबा. मी थोडी ओळखतो."

"मी नाई चालत अनोळखी लोकायच्या पायावर," हे म्हणाले. "पाय ने. सानगडीच्या माणसाले दे. तो चालीन कोणाच्याही चालीनं."

आन् पट्टे सोडाले लागले. माहं डोकं सणकलं. हातातलं सूप मी भिताडाले फेकून मारलं. "नाचता येईना आंगण वाकडं! पोरगी रात्रंदिवस तुमच्या पायासाठी मरून राहिली आन् तुमाले राणी पाहिजे! पुन्हा ओसरीवर बसान, मान फिरवान, आन् मी पाहू? मले नाई पाहावत! आयकलं? मले नाई पाहावत!"

ते हळू म्हणाले, "ती होती तवा लोक माह्या तोंडाकडं पाहत, तुळसा. आता पायाकडं पाहतात. ती परत आली आन् मी तिले हाकलू?"

मले रडू आलं, आन् रडू आलं की मले अजून राग येते. इतकी बरसं जे तोंडावर येऊन परत गेलं होतं ते निघूनच गेलं. "आन् होती तरी कोण ती सटवी? कोण्या बाईची चाल उचलली होती तुमी? मंडळातले विचारून थकले, तुमी नुसते हसत. पोरीसमोर सांगा आज. कोण होती?"

यायनं माह्याकडं पाह्यलं. पाहतच राहिले. जशी मीच येडी आहो.

"अवं," म्हणाले, "तू."

मी फेकलेलं सूप उचलाले गेली.

"यादोरावनं मले हाकलून दिलं, त्या दिवशी धुऱ्यावर बसलो होतो, इज्जत गेली म्हणून. तू बोडीवरून पाणी भरून येत होती. डोक्यावर घडा, कडेवर रश्मी. अरुंद धुरा, चिखल. तू एक पाऊल टाके, थांबे, पोरीले सावरे, मंग दुसरं टाके. मी म्हटलं, हीच तं राणी आहे. मंडईपर्यंत रोज तुह्या मागून मागून चालत शिकलो. तुले सांगतलं असतं तं तू तशी चाललीच नसती."

इतके दिवस ज्या बाईचा मी द्वेष केला, पोरीच्या पाळण्यासाठी जिचं लुगडं मुद्दाम फाडलं, ती मीच होती. आन् कसला नखरा, कसली राणी? माह्या डोक्यावर घडा होता म्हणून मी हळू चालत होती!

रश्मी बापाकडं पाहे, माह्याकडं पाहे. मंग तिनं बॅगीतून पट्टे काढले. "आई, इकडं ये."

"कायले?"

"तुही चाल मोजतो."

तिनं माह्या मांडीले, पोटरीले पट्टे बांधले, त्याच्यात बटणासारखी यंत्रं. मले म्हणाली चाल. मी लाजून लाजून चालली. ओरडली, तशी नाई, रोजची चाल. मंग माह्या डोक्यावर भरली घागर देल्ली तवा कुठं मले चालता आलं. आंगणात, रस्त्यावर, विहाराच्या पायऱ्यावर चढ उतर. मंगलाबाई दारातून पाहे, तिले म्हटलं, पाहून घे, तुह्यासाठी फुकटात आहे.

लॅपटॉपवर दोन रेघा निघाल्या. एक राणीची, एक आताची माही. चढउतार सारखाच. तेच थांबणं, तेच मंग टाकणं. पण राणीची रेघ जिथं खोल जाई तिथं माही कमी जाई. इतक्या बरसाचे धानाचे रोवणे, चिखलातले पाय, कंबरेतली चमक. माहा टोंगळा आता तितका वाकत नाई. टेकला की पक्का टेकते.

"बाबा," रश्मी म्हणाली, "राणीले हाकलत नाई. तिचं वय वाढवतो."

यायनं ती रेघ बोटानं धरून धरून पाह्यली. मंग पाय पुढं केला.

तिनं माही चाल यायच्या उंचीच्या हिशेबानं वाढवली, सरायले फोन लावला, ते पहिले नाई म्हणाले, मंग पडणार नाई याची खातरी करून हो म्हणाले. पहिले काही दिवस हे भिताडाले धरून चालले. राणीची सवय अंगात होती, जित्याची खोड जाते का? ठुमकाले गेले की टोंगळा आयके नाई, पक्का टेके. हे चिडत, "किती हट्टी पाय आहे!" मी म्हणो, "असणारच."

डिसेंबरात नागपूरले गेलो. लांब वऱ्हांडा, डॉक्टर ओळीनं बसलेले. हे सपाट चालले. पायऱ्या चढले. उतरताना मी डोळे मिटून घेतले, खोटं कायले बोलू. कानानंच आयकलं, एक पाऊल, थांबणं, दुसरं. टोंगळा पक्का टेकला. तिसरी पायरी, चौथी, खाली. डोळे उघडले तवा रश्मी सरायच्या समोरच रडून राहिली होती आन् तिचे सर तिले पाणी देऊन राहिले होते. ताराचंदसाठी दुसरा पाय बनवाले घेतला आहे, असं त्यायनंच सांगतलं, म्हणून मी जिवाले लावून घेतलं नाई.

संध्याकाळच्या अगोदर आम्ही फाट्यावर उतरलो. रश्मी नागपूरलेच राहिली, दोघंच होतो. धान कापून झालं होतं, बांध्या उघड्या पडल्या होत्या, धुरा अरुंद. एका वेळी एकच माणूस जाईन एवढा. हे थांबले, मले म्हणाले, चाल तू पुढं.

मी म्हटलं, "नाई. आज तुमी पुढं चाला. मी कशी चालतो ते मले कवाच दिसलं नाई."